नदीपलीकडचा शेजारी: टॅरिफ उठलं तरी दोस्ती परत येते का?

नदीपलीकडे (विंडसर, ऑन्टॅरिओ)

आमच्या विंडसरची एक गंमत आहे. शाळेतल्या नकाशात कॅनडा वर आणि अमेरिका खाली. इथे नदीकाठच्या बाकावर बसलं की समोर, उत्तरेला, डेट्रॉईट. म्हणजे अमेरिका आमच्या डोक्यावर. चिंचवड सोडून इथे येऊन एकोणीस वर्षं झाली, तरी पाहुण्यांना हे दाखवायची हौस फिटत नाही.

धागा का काढला ते कळावं म्हणून जरा कामाचं सांगतो. आमच्या कारखान्यात मोल्ड बनतात. गाडीचा डॅशबोर्ड ज्यातून निघतो तो साचा, सात-आठ टनांचं लोखंडी धूड. आमच्याकडे मिलिंग होतं. मग डॅशबोर्डला चामड्यासारखी सुरकुती दिसावी म्हणून ती नक्षी कोरायला धूड पुलावरून मिशिगनात जातं, परत येतं, चाचणी होते, काही निघालं तर दुरुस्ती, आणि शेवटी गिऱ्हाईकाकडे, म्हणजे बहुधा पुन्हा पलीकडेच. आमचे ट्रकवाले याला सीमा म्हणतच नसत. पूल म्हणत. "पुलावर किती वेळ लागतोय?" एवढाच प्रश्न. १९२९ पासून अँबॅसेडर ब्रिज उभा आहे, दोन देशांमधल्या ट्रकच्या मालातला सुमारे पाव हिस्सा त्या एका पुलावरून जातो. आता आमच्या ऑफिसात कागदपत्रं बघणारी बाई आधी विचारते, यातलं स्टील वितळलं कुठं आणि ओतलं कुठं? खरंच लिहून द्यावं लागतं.

घडलं ते थोडक्यात. १ फेब्रुवारी २०२५ ला ट्रम्पनी कॅनडा-मेक्सिकोच्या मालावर २५ टक्के आयात शुल्काचा आदेश काढला. कारण दिलं फेंटानिल, म्हणजे तस्करीतून येणारं अमली द्रव्य. मग महिनाभर स्थगिती, ४ मार्चला लागू, ६ मार्चला तिन्ही देशांच्या व्यापार करारात बसणाऱ्या मालाला सूट. १२ मार्चला स्टील-ॲल्युमिनियमवर २५, जूनमध्ये तेच ५०. ३ एप्रिलपासून गाड्या. मधूनमधून "एक्कावन्नावं राज्य" आणि पंतप्रधानाला "गव्हर्नर". फेंटानिलचं म्हणाल तर २०२४ च्या आर्थिक वर्षात उत्तर सीमेवर पकडलं गेलं ४३ पौंड, म्हणजे वीस किलोसुद्धा नाही. मेक्सिकोच्या बाजूला एकवीस हजार पौंडांवर.

माझं म्हणणं एवढंच: शुल्क उठेल. २०१८ मध्ये स्टीलवर लावलेलं मे २०१९ मध्ये उठलंच की. पण एक गोष्ट परत येणार नाही, ती म्हणजे शेजाऱ्याचा विचार न करता जगण्याची मुभा. दोस्ती म्हणजे मला तीच वाटते. वाईट वाटून घ्यायची, हिशोब मांडायची वेळच येत नाही. आता येते. डेट्रॉईटला जाणारी आमची शहर बस, नदीखालच्या बोगद्यातून जायची, २०२५ च्या ऑगस्टअखेर बंद झाली. तोट्यात होती हे खरं. पण तोटा काही यंदाच झाला नव्हता. यंदा ती बंद करताना कोणाला जीवावर आलं नाही, एवढाच फरक.

तुम्हाला काय वाटतं? भांडण कायमचं की मोसमी?

---

नोव्हीकर (मिशिगन)

आधी हे सांग, पाठ कशी आहे? गणपतीला तुझी वाट बघितली. वहिनींच्या हातचे मोदक नाहीत म्हणून पोरं कुरकुरत होती.

आता भांडतो.

तू जे लिहिलंस ते नदीच्या एका काठावरून. या काठावर ये. माझ्या शेजारी एक म्हातारा राहतो, असेंब्ली लाइनवर ३१ वर्षं काढलेला. १९९४ ला नाफ्टा, म्हणजे अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोचा मुक्त व्यापार करार, आला तेव्हा तो चाळिशीत होता. त्याच्या सीटचं काम मेक्सिकोत गेलं, मग वायरिंगचं गेलं, मग दुसरी शिफ्ट गेली. तीस वर्षं त्याला दोन्ही पक्ष सांगत होते की एकूण देशाचा फायदा होतोय. एकूण देश त्याला कधी भेटला नाही. २०१६ ला मिशिगन अकरा हजारांपेक्षा कमी मतांनी फिरलं, ते अशाच माणसांमुळे. पॉप्युलिझम म्हणून नाक मुरडणं सोपं आहे.

मार्चमध्ये आमच्या युनियनच्या, म्हणजे यूएडब्ल्यूच्या, अध्यक्षांनी गाड्यांवरच्या टॅरिफचं स्वागत केलं. आणि तो काही ट्रम्पचा माणूस नाही, निवडणुकीत उघड विरोधात होता. तुमच्याकडची युनियन, युनिफॉर, विरोधात. १९८५ पर्यंत ही एकच युनियन होती, विसरू नकोस. कामगार-कामगार भाई-भाई नदीच्या मधोमध संपतं, आणि ते कोण्या नेत्याने संपवलेलं नाही.

शिवाय तुम्ही काही धुतल्या तांदळाचे नाही. कोट्याबाहेरचं लोणी कॅनडात न्यायचं तर जवळपास ३०० टक्के शुल्क. जूनमध्ये तुमच्या संसदेनं कायदाच करून टाकला की दूध, अंडी, कोंबडी यांचा कोटा कुठल्याही वाटाघाटीत द्यायचा नाही. क्यूबेकचा दूधवाला खूश. याला काय म्हणायचं? आमच्या म्हाताऱ्याने केलं तर लोकानुनय आणि तुमच्या दूधवाल्याने केलं तर संस्कृतिरक्षण?

---

काडेपेटी

पुढची सीट पकडली. चहा कोण आणतंय?

---

मास्तर_सातारकर

इतिहास शिकवण्यात ३४ वर्षं गेली, त्यामुळे "असं कधी झालंच नव्हतं" हे वाक्य दिसलं की हात शिवशिवतो. विंडसरकर, तुम्ही ते शब्दशः लिहिलेलं नाही, पण सूर तोच आहे.

१९११ ची कॅनडाची निवडणूक घ्या. पंतप्रधान लॉरिए यांनी अमेरिकेशी शुल्ककपातीचा करार आणला आणि त्याच मुद्द्यावर ते हरले. विरोधकांची घोषणा होती की यांकींशी व्यवहारच नको. आणि तेव्हाही अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातले एक पुढारी जाहीर बोलून गेले होते की एक दिवस आपला झेंडा उत्तर ध्रुवापर्यंत फडकेल. एक्कावन्नाव्या राज्याची भाषा नवी नाही, तेव्हाच्या कॅनडानंही तिचा निवडणुकीत भरपूर उपयोग करून घेतला.

दुसरं, कोंबडी. १९६० नंतर युरोपच्या सामाईक बाजारानं अमेरिकेच्या स्वस्त गोठवलेल्या कोंबडीवर शुल्क वाढवलं. पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स, दोघंही नाटोतले. अमेरिकेनं डिसेंबर १९६३ मध्ये उत्तर दिलं: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर २५ टक्के. ट्रकचा नेम फोक्सवॅगनवर होता. बर्लिनच्या भिंतीला तेव्हा अडीच वर्षंही झाली नव्हती, दोघांचं सैन्य खांद्याला खांदा लावून उभं होतं, आणि कोंबडीवरून हे चाललं होतं. स्टार्च-बिर्च यथावकाश सुटलं. ट्रकवरचे २५ टक्के आजही आहेत.

तिसरं, ऑगस्ट १९७१. निक्सन यांनी आयातीवर सरसकट १० टक्के अधिभार लावला, जपान-जर्मनीचं चलन महाग व्हावं म्हणून. त्यांचे अर्थमंत्री कॉनली युरोपीय मंत्र्यांना म्हणाले की डॉलर आमचं चलन आहे, पण प्रश्न तुमचा. डिसेंबरात समझोता झाला, अधिभार गेला.

आणि तरीही नाटो राहिली, जपानातले तळ राहिले. मित्रराष्ट्रं भांडतात ती बाजारासाठी आणि टिकतात ती शत्रूमुळे. शत्रू आहे तोवर काळजी नसावी.

---

नोव्हीकर

मास्तर, कोंबडीकराला दंडवत! आमच्याकडे हा रोजचा विनोद आहे. फोर्डची ट्रान्झिट कनेक्ट नावाची व्हॅन तुर्कस्तानातून यायची. मालवाहू म्हणून आणली तर २५ टक्के, प्रवासी म्हणून आणली तर अडीच. मग काय, मागे सीट आणि खिडक्या लावून प्रवासी म्हणून बाल्टिमोरला उतरवायचे आणि गोदीबाहेर आलं की त्याच सीट उपटून काढायचे. नव्याकोऱ्या सीट, कोणी बसलेलंही नाही. खटला वर्षानुवर्षं चालला, २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर भरून मिटवला. साठ वर्षांपूर्वीच्या कोंबडीपायी.

---

नदीपलीकडे

पाठ बरी आहे रे.

मास्तर, तुमच्यासमोर इतिहास बोलायचा म्हणजे काजव्यानं सूर्याला बॅटरी दाखवायची. पण एक प्रसंग तुम्ही गाळलात आणि माझा सगळा मुद्दा त्यातच आहे.

जानेवारी १९६५. जॉन्सन आणि आमचे पंतप्रधान पिअरसन यांनी टेक्सासमध्ये जॉन्सन यांच्या रँचवर ऑटो पॅक्टवर सह्या केल्या. गाड्या आणि सुटे भाग दोन्ही बाजूंनी बिनशुल्क. विंडसर आज जे आहे ते त्या कागदामुळे. तीनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, पिअरसन फिलाडेल्फियाला भाषणात म्हणाले की व्हिएतनामवरची बाँबफेक जरा थांबवून बघावी. दुसऱ्या दिवशी कॅम्प डेव्हिडला जॉन्सन यांनी त्यांची अक्षरशः कॉलर धरली. त्यांच्या घरात येऊन त्यांच्याविरुद्ध बोलला म्हणून तोंडाला येईल ते बोलले. राष्ट्राध्यक्षानं पंतप्रधानाची कॉलर! आणि ऑटो पॅक्टचं काय झालं? काहीही नाही. कोणी त्याचं नावही काढलं नाही. २००३ ला आमचे पंतप्रधान क्रेतिएननी इराकला सैन्य पाठवायला नकार दिला, बुश चिडले, पुलावरचे ट्रक चालू.

म्हणजे घर एक, पण खोल्या वेगळ्या होत्या. एका खोलीत आदळआपट झाली तरी दुसऱ्या खोलीतला स्वयंपाक थांबत नसे. तुम्ही दिलेली कोंबडी, चलन, ही व्यापाराचीच भांडणं, व्यापाराच्याच खोलीतली. आता मधली भिंतच पाडली. जुलैअखेर कॅनडानं पॅलेस्टाईनला मान्यता देणार म्हणून सांगितलं, लगेच ट्रम्प म्हणाले की आता व्यापार करार फार अवघड. ऑक्टोबरात ऑन्टॅरिओ सरकारनं टीव्हीवर जाहिरात दिली, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांचं टॅरिफविरोधी भाषण वाजवलं, तर सगळी बोलणी बंद आणि वर आणखी १० टक्क्यांची धमकी. जाहिरात आवडली नाही म्हणून! आमचे पंतप्रधान कार्नी यांनी माफीसुद्धा मागितली.

आणि नोव्हीकर, नाफ्टा वाईट होता ना? मग त्याच्या जागी नवा करार कोणी केला? २०१८ ला ट्रम्प यांनीच सही केली, १ जुलै २०२० पासून लागू. गाडीतला ७५ टक्के ऐवज उत्तर अमेरिकेतला हवा, आधी साडेबासष्ट होता. ठरावीक हिस्सा तासाला १६ डॉलर पगाराच्या कामगारांनी केलेला हवा. तुझ्या म्हाताऱ्यासाठीच होतं ना ते? आम्ही मान्य केलं. पाच वर्षांत स्वतःचीच सही फिरवली. आता तिसऱ्यांदा सही करताना आमचा माणूस पेन कशाला विश्वासानं उचलेल?

---

मास्तर_सातारकर

कॉलरचा प्रसंग मान्य. खोल्यांचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे.

मात्र ती रेगन यांची जाहिरात. भाषण कधीचं माहीत आहे का? २५ एप्रिल १९८७, शनिवारचं रेडिओ भाषण. मुक्त व्यापाराची थोरवी त्यात आहेच. पण भाषण होतं कशासाठी? आठवडाभर आधीच त्यांनी जपानी इलेक्ट्रॉनिक मालावर १०० टक्के शुल्क लावलं होतं, सेमीकंडक्टरचा करार पाळला नाही म्हणून. त्या निर्णयाचं समर्थन करायला ते बसले होते. जाहिरातीत हा भाग नाही. म्हणजे मुक्त व्यापाराचं सर्वांत गोड भाषण एका मित्रराष्ट्रावर शुल्क लावून केलेलं. त्याच वर्षी अमेरिकी खासदार संसदेच्या हिरवळीवर घण घेऊन तोशिबाचा रेडिओ फोडत होते, कॅमेऱ्यांसमोर.

---

रोखठोक

मास्तरांना +१. धागाकर्त्याचं लिखाण हळवं आणि सुंदर, पण राष्ट्रांना काका-मामा समजण्याची ही सवय सोडा. चार कोटींचा देश शेजारच्या चौतीस कोटींच्या देशाला आपला चारातला तीन भाग माल विकतो, याला दोस्ती नाही म्हणत, याला एकाच गिऱ्हाइकावर चालणारी टपरी म्हणतात. गिऱ्हाइकानं डोळे वटारले तेव्हा टपरीवाल्याला कळलं. कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान थोरले ट्रूडो १९६९ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन सांगून आले होते की तुमच्या शेजारी राहणं म्हणजे हत्तीच्या शेजारी झोपणं, तो कितीही सालस असला तरी त्याची प्रत्येक हालचाल आणि हुंकार जाणवतो. पन्नास वर्षं कॅनडा ते वाक्य कौतुकानं सांगत राहिला. पलंग मात्र बदलला नाही.

दुसरं, हे सगळं एका माणसावर ढकलू नका. बायडेन काय वेगळे होते? २०२२ चा त्यांचा कायदा, विजेच्या गाडीला सवलत हवी तर जुळणी उत्तर अमेरिकेतच हवी. कोरिया-युरोप खवळले. जपानच्या निप्पॉन स्टीलनं अमेरिकी स्टील कंपनी विकत घ्यायची ठरवली, तर जानेवारी २०२५ मध्ये जाता जाता बायडेननी राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन अडवलं. जपान! अमेरिकेचं सर्वांत मोठं परदेशी सैन्य ज्याच्या भूमीवर आहे तो. त्यांनी स्टीलचे कारखाने घेतले तर सुरक्षा धोक्यात? कारण एकच, पेनसिल्व्हेनियाची मतं. आणि गंमत, तोच सौदा जूनमध्ये मंजूर कोणी केला? ट्रम्प यांनी, सरकारला नकाराधिकार देणारा एक खास शेअर घेऊन.

कॅनडाच्या स्टीलवर जे लावलं ते १९६२ च्या कायद्यातल्या कलम २३२ खाली, राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन. कायदा केनेडी यांच्या काळातला. हत्यार बराच काळ फडताळातच असायचं. आता बाहेर आलंय, आणि पुढचा कोणीही आला तरी ते परत फडताळात ठेवणार नाही. फरक पडलाच तर भाषेत पडेल, जरा सभ्य पत्र येईल. त्यामुळे "तुटलं का जुळलं" हा प्रश्नच गैरलागू.

---

ब्रॅम्प्टनवाली

इतके पुरुष इतक्या आत्मविश्वासानं बोलतायत, मीही एक चक्कर मारून जाते.

आमच्या ब्रॅम्प्टनमध्ये १४ ऑक्टोबर २०२५ ला बातमी आली की जीप कंपास आता इथे बनणार नाही, इलिनॉयला जाणार. तीन हजार कामगार. आमच्या सोसायटीत त्या प्लांटमधली चार घरं आहेत. त्यामुळे टॅरिफ हा माझ्यासाठी चर्चेचा विषय नाही.

पण मला राग दोन्हीकडचा येतो. मार्चपासून इथे "एल्बोज अप" चाललंय. हॉकीतली भाषा, कोपरं वर, म्हणजे अंगावर आलात तर बघून घेऊ. दुकानांत मेपलच्या पानाचे स्टिकर, सरकारी दारू दुकानांतून ४ मार्चला अमेरिकी बाटल्या उचलल्या. हॉकीच्या मॅचला अमेरिकेचं राष्ट्रगीत सुरू झालं की हुर्यो. पहिले दोन आठवडे मलाही भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं, हाच जमाव, हाच आवाज, वर्षभरापूर्वी आमच्या पोरांवर होता. घरं महाग झाली? भारतीय विद्यार्थी. दवाखान्यात रांग? भारतीय विद्यार्थी. आता तोंड दक्षिणेकडे वळलं म्हणून त्याला राष्ट्रप्रेम म्हणायचं. उद्या परत वळेल.

आणि निवडणूक बघा. जानेवारीत कॉन्झर्व्हेटिव्ह वीसहून जास्त टक्क्यांनी पुढे, २८ एप्रिलला हरले, त्यांच्या नेत्याची स्वतःची जागा गेली. पाच दिवसांनी ऑस्ट्रेलियात तीच गोष्ट, विरोधी नेत्यासकट. दोन्हीकडे लोकांनी मत दिलं ते वॉशिंग्टनकडे बघून. आमच्या घरभाड्याचं काय, हे प्रचारात कोणी फारसं विचारलंच नाही.

अजून एक. चिनी विजेच्या गाड्यांवर कॅनडानं ऑक्टोबर २०२४ पासून १०० टक्के शुल्क लावलं, अमेरिकेच्या सुरात सूर मिसळून. मित्रधर्म! चीननं मार्च २०२५ मध्ये बदला घेतला तो कॅनडाच्या कॅनोला तेलावर, पेंडीवर, वाटाण्यावर. १०० टक्के. म्हणजे सस्कॅचवानच्या शेतकऱ्यानं मित्रासाठी मार खाल्ला, त्याच महिन्यात मित्रानंही कानाखाली दिली. नोव्हीकर, तुमच्या म्हाताऱ्याला एकदा या शेतकऱ्याला भेटवा. दोघांचं जमेल.

---

काडेपेटी

विंडसरचा तो नवा पूल, त्याला नाव कोणाचं? हॉकीपटू गॉर्डी हाऊचं. आणि "एल्बोज अप" मधली ती कोपरं कोणाची? गॉर्डी हाऊची. जन्म कॅनडात, आणि २५ मोसम खेळला डेट्रॉईटसाठी. पैसे सगळे कॅनडाचे, नाव दोघांच्या लाडक्याचं, आणि त्याच्याच कोपरानं एकमेकांना ढोसा. बाकी चालू द्या.

---

शिरोली_एमआयडीसी (कोल्हापूर)

काय म्हंतासा मंडळी. मित्र-मित्र म्हणून भांडताय, आमाला तर कुणी मित्र पण म्हणंना.

आमची फाउंड्री. कास्टिंग बाहेर जातंय, निम्मं गाडीचं, निम्मं पंप आणि ट्रॅक्टरचं. गाडीच्या पार्टला २५ टक्के लागलं मे महिन्यात. बाकीच्याला आधी २५ आणि २७ ऑगस्टपासनं ५०, रशियाचं तेल घेता म्हणून. २७ ऑगस्ट म्हणजे २०२५ ची गणेशचतुर्थी. सकाळी बाप्पा बसवला, तिकडं ५० टक्के बसलं. तिकडचा खरेदीवाला माणूस चांगला हाय, पंधरा वर्षांची ओळख, दोनदा येऊन तांबडा-पांढरा खाऊन गेलाय. त्याचा मेल आला: निम्मं शुल्क तुम्ही सोसा. सोसायला मार्जिन किती असतंय कास्टिंगला? सांगायला लाज वाटंल.

रोखठोकसाहेब, तुमचं टपरीचं पटतंय. पण दुसरं गिऱ्हाईक बघा म्हणायला सोपं हाय. एका कास्टिंगचं पॅटर्न करायचं, सॅम्पल पाठवायचं, ते तिकडं कापून बघणार, टेस्ट करणार, मग थोडी ऑर्डर, मग वर्षा-दीड वर्षानं खरी ऑर्डर. जर्मनीतल्या एकाला जूनमध्ये सॅम्पल धाडलंय. अजून "बघतो" म्हणतोय.

विंडसरवाल्या दादांची एक गोष्ट मात्र खरी. आदी आमी शुल्काचा आकडा विचारत नव्हतो. आता सकाळी उठून मोबाईल बघतोय, रात्री काय लिवलंय का त्यानं. मागं जकात होती तवा नाक्यावर ट्रक अडायचा, पावती फाडली की सुटायचा. आकडा तरी ठरल्याला असायचा.

---

रोखठोक

शिरोलीकर, ही खरी माहिती. बाकी आम्ही सगळे वाचीव. आकडा ठरलेला असण्याला किंमत आहे, हे मान्य करतो. जास्त पण स्थिर शुल्क एकवेळ चालतं, गुंतवणूक करणारा त्याचा हिशोब मांडू शकतो. रोज बदलणाऱ्या शुल्काचा मांडता येत नाही. पण मग हा मुद्दा अनिश्चिततेचा झाला, दोस्तीचा नव्हे. विंडसरकर दोन्ही एकत्र कालवतायत.

---

नदीपलीकडे

कालवत नाही, रोखठोक. ती एकच गोष्ट आहे असं म्हणतोय.

क्यूबेक आणि व्हरमॉन्टच्या सीमेवर स्टॅनस्टेड नावाचं गाव आहे. तिथे १९०४ साली मुद्दाम सीमेवरच बांधलेलं हॅस्केल वाचनालय आहे. पुस्तकं बरीचशी कॅनडाच्या हद्दीत, मुख्य दार अमेरिकेच्या हद्दीत. आत जमिनीवर काळी पट्टी, हीच आंतरराष्ट्रीय सीमा, आणि मुलं तिच्यावर पाय पसरून गोष्टीची पुस्तकं वाचतात. शंभरावर वर्षं कॅनडातली माणसं फुटपाथवरून चार पावलं अमेरिकेत चालत जाऊन त्या दारानं आत शिरायची. कोणी पासपोर्ट विचारत नसे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेनं ते बंद केलं. मग कॅनडाच्या बाजूचं, आधी फक्त संकटकाळासाठी असलेलं मागचं दार वापरायला लागले. नवं प्रवेशद्वार करायला लोकांनी वर्गणी काढली.

त्या चार पावलांत किती डॉलरचा व्यापार होता? शून्य. मग ते तुमच्या हिशोबात कुठं बसवायचं?

मास्तर म्हणतात शत्रू आहे तोवर मैत्री आहे. ११ सप्टेंबरला अमेरिकेचं आकाश बंद झालं तेव्हा न्यूफाउंडलंडच्या गँडर गावात ३८ विमानं उतरली. गावाच्या वस्तीच्या जवळपास दोन-तृतीयांश इतके अनोळखी पाहुणे. लोकांनी घरं उघडली, शाळा उघडल्या. नंतर अफगाणिस्तानात कॅनडाचे १५८ सैनिक गेले. कलम २३२ म्हणतं की या देशाचं स्टील हा अमेरिकेच्या सुरक्षेला धोका आहे. शुल्काचा आकडा मी सहन करीन हो. कारण म्हणून जे लिहिलंय ते वाचवत नाही.

आणि खरं सांगू? भीती वाटते. मूर्खासारखी, पण वाटते. आमच्या मंडळातल्या दोघांना यंदा पुलावर बाजूला घेऊन फोन उघडायला लावले. काही निघालं नाही, सोडून दिलं. पण मी त्यानंतर पलीकडे गेलेलो नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा गणपतीला गेलो नाही ते त्यामुळेच. हे सगळं लिहिलेलं फोनमध्येच आहे ना.

---

ब्रॅम्प्टनवाली

आमच्याकडेही तीन कुटुंबांनी फ्लोरिडा रद्द केलं. कारण कोणी बोलत नाही. "यंदा जमत नाहीये" म्हणतात.

---

मास्तर_सातारकर

वाचनालयाबद्दल ठाऊक नव्हतं. कॉलर धरली तेव्हाही ते दार उघडंच होतं, हे लक्षात आलं. माझ्या मतात फार बदल नाही, पण माझ्या दाखल्यांमध्ये असा दाखला मला सापडत नाहीये, एवढं नोंदवतो. शोधतो.

---

नोव्हीकर

एक मिनिट.

मला फोनवर सांगितलंस की पाठ धरली आहे, गाडीत पाऊण तास बसवणार नाही. मी आयोडेक्स पाठवू का विचारलं. गेले तीन महिने दर फोनला पाठीची चौकशी करतोय. या धाग्यावर पहिली ओळ तीच लिहिली.

माझ्याशी खोटं कशाला बोललास?

---

नदीपलीकडे

पाठ धरली होतीच रे. थोडी.